माणसाची बिल्टी

पेढीवरून माल निघतो तेव्हा त्याच्यासोबत बिल्टी निघते. माल कोणाचा, कोठून निघाला, कोणाकडे जाणार, नग किती, वजन किती, गाडीचा क्रमांक कोणता, हे सारे त्या एका कागदावर लिहिलेले असते. त्याची एक प्रत पेढीवर राहते. माल पोहोचला की पोच येते. ठरल्या दिवशी पोच आली नाही, तर मुनीमजी वाहतूकदाराकडे चौकशी सुरू करतात. कापडाच्या दोन गाठी असल्या तरी हा रिवाज मोडला जात नाही. मात्र त्याच घरातील तरुण मुलगा शनिवारी पहाटे पाठीवर पिशवी अडकवून डोंगराकडे निघतो, तेव्हा घरात एवढेच ठाऊक असते की तो ‘मित्रांकडे’ गेला आहे. कोणत्या गडावर, कोणत्या वाटेने, परतणार केव्हा, याची नोंद कोठेही नसते. मालाला बिल्टी असते, माणसाला नसते.

रानावनात, कड्याकपाऱ्यांत किंवा भर समुद्रात एकट्याने गेलेल्यांच्या ज्या कथा जगभर सांगितल्या जातात, त्यांत धैर्याचा भाग फार रंगवला जातो. त्याच कथा शांतपणे, हिशेबाच्या नजरेने वाचल्या तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. धैर्य बहुतेकांजवळ असतेच. कमी पडतो तो हा एक कागद.

एकशे सत्तावीस तास

२६ एप्रिल २००३, शनिवार. अमेरिकेतील यूटा राज्याच्या वालुकाश्माच्या निर्जन प्रदेशात अ‍ॅरन राल्स्टन नावाचा २७ वर्षांचा तरुण एकटाच ब्लूजॉन कॅन्यन नावाच्या घळीत उतरत होता. तो शिकलेला यंत्र-अभियंता. मोठ्या कंपनीतील नोकरी पर्वतांच्या ओढीने सोडून दिलेला. कोलोरॅडोतील चौदा हजार फुटांहून उंच शिखरे भर हिवाळ्यात एकट्याने चढण्याचा त्याचा संकल्प चालू होता. अनुभव, बळ आणि साधने यांपैकी कशाचीही त्याच्याजवळ उणीव नव्हती. त्या दिवशीची वाट तर त्याच्या मानाने साधी होती. गाडी एका ठिकाणी ठेवून, सायकलीने घळीच्या तोंडाशी जायचे, घळीतून उतरत चालायचे आणि सायंकाळपर्यंत गाडीशी परत यायचे, असा त्याचा बेत होता.

घळ इतकी अरुंद होती की दोन्ही भिंतींना एकाच वेळी हात टेकावा. त्या फटीत वरून पडलेले मोठे खडक अडकून राहिलेले असतात. अशाच एका खडकाला धरून राल्स्टन खाली उतरत असताना तो खडक निसटला, आणि त्याचा उजवा हात खडक व भिंत यांच्यामध्ये चिरडला गेला. खडकाचे वजन सुमारे ३६० किलो होते. हात निघेना, खडक हलेना. जवळ पाणी होते जेमतेम एक तृतीयांश लिटर, आणि अन्न होते ते एका वेळच्या फराळाइतके.

पहिला आवेग ओसरल्यावर त्याने जे केले ते ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याने आपल्याजवळ काय काय आहे ते मोजले आणि कोणते मार्ग उघडे आहेत ते एकेक करून मांडले. कोणी येण्याची वाट पाहणे हा एक. खडक फोडून हात मोकळा करणे हा दुसरा. दोराच्या साहाय्याने खडक उचलणे हा तिसरा. आणि हात गमावून जीव वाचवणे हा शेवटचा. एकेक मार्ग त्याने क्रमाने करून पाहिला. लहानशा चाकूने खडक खरवडला, तर खडकाऐवजी पातेच बोथट झाले. दोर बांधून खडक उचलू पाहिला, तर तो जागचा हलला नाही. पायांवरील भार कमी व्हावा म्हणून त्याने दोराला कमरपट्टा अडकवून बसण्याची सोय केली, आणि पाणी घोटाघोटाने पुरवले. गोंधळलेले मन इतका नेमका हिशेब करू शकत नाही. त्याचे मन त्या काळापुरते स्थिर होते, म्हणून तो पाचवा दिवस पाहू शकला.

आता उरला पहिला मार्ग, कोणी येण्याचा. तेथेच हिशेब चुकला होता. यूटामध्ये जातो, यापलीकडे नेमके ठिकाण त्याने निघताना कोणालाही सांगितले नव्हते. यूटाचा विस्तार महाराष्ट्राच्या दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. तो परतला नाही हे उमगायलाच काही दिवस लागणार होते, आणि उमगल्यावर शोध कोठून सुरू करावा हेही कोणाला ठाऊक नव्हते. खडकाशी जखडलेल्या अवस्थेत त्याला या चुकीचा पुरता बोध झाला. जवळच्या लहान चलचित्र-कॅमेऱ्यावर त्याने आईवडील व बहीण यांच्यासाठी निरोपाचे शब्द नोंदवले. घळीच्या भिंतीवर त्याने आपले नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची अपेक्षित तारीख कोरली.

त्या रात्री तो जगेल असे त्यालाही वाटत नव्हते. तहानेने आणि थंडीने ग्लानी आलेली असताना त्याला एक लहान मूल दिसले. एका हाताचा बाप त्या मुलाला उचलून घेत आहे असे ते दृश्य होते. १ मेच्या सकाळी, अडकल्यापासून सुमारे १२७ तासांनी, त्याने शेवटचा मार्ग पत्करला आणि आपला उजवा हात कोपराखाली सोडून तो मोकळा झाला. त्याचे तपशील येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यानंतर एका हाताने दोर लावून तो सुमारे २० मीटरांचा उभा कडा उतरला आणि उन्हात कित्येक किलोमीटर चालत राहिला. वाटेत नेदरलँड्सहून फिरायला आलेले एक कुटुंब भेटले. त्यांनी पाणी दिले, बिस्किटे दिली आणि मदतीसाठी धाव घेतली.

येथे कथेचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो, जो फारसा सांगितला जात नाही. राल्स्टन ठरल्या दिवशी कामावर आला नाही, तेव्हा तेथील सहकाऱ्यांनी त्याच्या घरी विचारणा केली. आईने लागलीच शोधाचा ध्यास घेतला, चौकशी करीत करीत शोध त्या प्रदेशापर्यंत आणवला. म्हणूनच तो घळीबाहेर चालत आला तेव्हा शोधाचे हेलिकॉप्टर त्या भागात आधीच आलेले होते, आणि त्याला तातडीने रुग्णालयात नेता आले. त्याच्या शरीरातील रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा वाहून गेला होता. हेलिकॉप्टर शोधाला निघालेच नसते, तर पाच दिवस राखलेला धीर शेवटच्या काही किलोमीटरांत वाया जाण्याचा धोका होता.

पुढे या घटनेवर त्याने पुस्तक लिहिले. २०१० साली डॅनी बॉईल यांनी चित्रपट काढला. त्याचे संगीत आपल्या ए. आर. रहमान यांचे. त्याच वर्षी राल्स्टनला मुलगा झाला. जगाने त्याच्या चाकूची आठवण ठेवली. शनिवारी निघताना कोणाच्या तरी हाती चार ओळी ठेवल्या असत्या, तर शोध कित्येक दिवस आधी आणि थेट त्या घळीपाशी सुरू झाला असता, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी आठवते.

एकटा, पण हरवलेला नव्हे

दुसरी कथा समुद्रावरची आहे, आणि तिची मुळे मुंबई व गोव्यात आहेत. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली. २००९-१० मध्ये कॅप्टन दिलीप दोंदे यांनी ती घेऊन मुंबईहून प्रस्थान ठेवले आणि शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून नौदलातील अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ही प्रदक्षिणा पूर्ण केली. मुंबई सोडल्यापासून मुंबईला परतेपर्यंत पाच महिने त्यांनी भूमीला पाय लावला नाही.

२०१८ साली टॉमी ‘गोल्डन ग्लोब’ या शर्यतीत उतरले. १९६८ मध्ये उपलब्ध असलेल्या साधनांवरच नौका चालवायची, दिशा सूर्य-ताऱ्यांवरून काढायची, असा या शर्यतीचा नेम. त्यांची ‘तुरिया’ नौकाही गोव्यातच बांधलेली होती. १९६८-६९ मध्ये सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या ‘सुहैली’तून विनाथांबा प्रदक्षिणा केली, तिची ती प्रतिकृती होती. ती ‘सुहैली’ही मूळची मुंबईत बांधलेली.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ‘तुरिया’ला गाठले. लाटा चारमजली इमारतीएवढ्या उंच होत्या. नौका संपूर्ण उलटून पुन्हा सुलटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. त्यांना उठता येईना. घेतलेले पाणीही पोटात टिकेना. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहर तेथून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर होते. 

अंतराचाच विचार केला, तर राल्स्टन आपल्या गाडीपासून काही किलोमीटरांवर होता, आणि टॉमी जगाच्या टोकाला. तरीही टॉमी हरवलेले नव्हते. त्यांची नौका कोठे आहे हे शर्यतीच्या आयोजकांना यंत्राद्वारे सतत कळत होते. आपण जखमी आहोत, डोलकाठी मोडली आहे आणि चालता येत नाही, एवढा संदेश त्यांना पाठवता आला. लगोलग भारतीय नौदलाचे टेहळणी विमान मॉरिशसहून निघाले, ऑस्ट्रेलियाचेही विमान आले, आणि जवळपास असलेले आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगुकिन स्वतःची डोलकाठी मोडलेली असतानाही त्यांच्या दिशेने निघाले. २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यगस्ती जहाजाने टॉमी यांना उचलले आणि आम्स्टरडॅम बेटावरील रुग्णालयात पोहोचवले. पुढे भारतीय नौदलाची ‘सातपुडा’ ही युद्धनौका त्यांना घेण्यासाठी गेली. पाठीत धातूच्या सळया घालाव्या लागलेले हेच टॉमी २०२२च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि २३६ दिवसांनी, एप्रिल २०२३ मध्ये, दुसऱ्या क्रमांकाने परतले.

धैर्य दोघांचेही सारखेच होते. भेद होता तो एवढाच की एकाचा ठावठिकाणा कोणाजवळ तरी नोंदवलेला होता आणि दुसऱ्याचा नव्हता. एकटे असणे निराळे, अज्ञात असणे निराळे. वनात जीव घेते ते बहुधा दुसरेच.

दिशा बांधून घेण्याची रीत

ही गोष्ट जैन घराला नवी वाटू नये. श्रावकाच्या बारा व्रतांत पाच अणुव्रतांच्या पाठोपाठ दिग्व्रत येते. दहा दिशांपैकी कोणत्या दिशेला कोठपर्यंत जावयाचे, याची मर्यादा श्रावक आधी ठरवतो. आचार्य समन्तभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात ही मर्यादा कशी बांधावी तेही सांगितले आहे: समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश आणि योजने अशा प्रसिद्ध खुणांनी. ‘थोडे पुढे’ किंवा ‘जमेल तितके’ असे मोघम शब्द तेथे चालत नाहीत. त्या मोठ्या मर्यादेच्या आत पुन्हा ठरावीक काळासाठी अधिक लहान क्षेत्र बांधून घेणे, ही देशव्रताची अथवा देशावकाशिकाची रीत. स्थळाबरोबर काळही तेथे नेमलेला असतो.

या व्रताचा हेतू अर्थातच जीवरक्षणाच्या युक्तीहून फार उंच आहे. मर्यादेबाहेरच्या क्षेत्रात आपल्याकडून होणारी हिंसा आणि आपला लोभ दोन्ही आटोपावेत, यासाठी ते आहे. गडावरून सुखरूप परतणे हे त्याचे फळ म्हणून कोणी सांगितलेले नाही. परंतु मनुष्याचे मन कोठे घसरते, हे ज्यांनी जाणले त्यांनी या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले, ते डोंगरात फिरणाऱ्याने एकदा सावकाश वाचावेत. ठरलेल्या मर्यादेहून वर जाणे. ठरलेल्याहून खाली उतरणे. आडव्या दिशेने मर्यादा ओलांडणे. क्षेत्र वाढवून घेणे. आणि ठरवलेली मर्यादाच विसरून जाणे.

सह्याद्रीतील बहुतेक अपघात या पाचांपैकी एकात बसतात. गडाचा माथा पाहून परतायचे ठरले होते, पण शेजारचा सुळका खुणावू लागला, हा झाला वरचा अतिक्रम. धबधब्याच्या तळाशी छायाचित्रासाठी उतरणे हा खालचा. मळलेली वाट सोडून आडवे जाणे हा तिर्यक्. एका गडाऐवजी दोन करण्याचा बेत वाटेतच ठरणे ही क्षेत्रवृद्धी. आणि दुपारी दोन वाजता परत फिरायचे हे सकाळी ठरवलेले, पण शिखर समोर दिसताच मनातून पुसले गेलेले, हे स्मृतीचे अंतर्धान. शेवटचा दोष सर्वांत साधा, आणि डोंगरात सर्वांत महाग पडणारा.

साधू-साध्वींच्या विहाराकडे पाहिले तरी हेच दिसते. ज्यांनी घर सोडले, संपत्ती सोडली, ज्यांच्याजवळ वाहन नाही आणि फोनही नाही, असे महाराजसाहेब किंवा मुनिश्री पायी निघतात, तेव्हा आजचा मुक्काम कोठे आणि उद्याचा कोठे, ही वार्ता पुढील गावच्या संघाला आधीच पोहोचलेली असते. सामोरे जाण्यासाठी श्रावक वेशीवर उभे असतात. अपरिग्रहाचा अर्थ कोणालाही न कळवता नाहीसे होणे असा कधीच नव्हता. शिखरजीच्या २७ किलोमीटरांच्या वंदनेला निघालेले कुटुंबही कोण पुढे, कोण मागे, कोणी डोली केली आणि कोणत्या टोंकेवर एकमेकांची वाट पाहायची, हे धर्मशाळेतून निघण्यापूर्वीच ठरवते. तीर्थाच्या डोंगरावर जी शिस्त आपोआप पाळली जाते, ती सहलीच्या डोंगरावर गळून पडते, एवढेच.

चार ओळींचा कागद

मग डोंगरावर जाणाऱ्याची बिल्टी कशी असावी? तिच्यात चार गोष्टी पुरेत. पहिली, ठिकाण आणि वाट. ‘हरिश्चंद्रगड’ एवढे लिहून भागत नाही. पाचनईच्या बाजूने चढणार, खिरेश्वरहून तोलार खिंडीने, की नळीच्या वाटेने, हे लिहावे, कारण या वाटांमध्ये संपूर्ण डोंगर उभा आहे. दुसरी, सोबत कोण, आणि गाडी कोणती व कोठे उभी राहणार. उभी असलेली गाडी शोधणाऱ्यांना पहिली खूण देते. तिसरी, परतण्याची वेळ. चौथी, आणि बहुतेक जण विसरतात ती, चिंतेची वेळ: अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही तर शोध सुरू करावा. ही वेळ लिहिलेली नसली की घरचे लोक ‘येईलच आता’ म्हणत रात्र घालवतात, आणि तीच रात्र जखमी माणसाला जड जाते.

हा कागद घरी एक ठेवावा आणि दुसरा पायथ्याच्या गावात, जेथे चहा किंवा नाश्ता घेतला त्या घरी. संकटात सर्वांत आधी पोहोचणारी माणसे बहुधा पायथ्याच्या गावचीच असतात. वाटा त्यांच्या पायांखालच्या असतात. त्यांना केवळ ‘वाट कोणती’ एवढे विचारून पुढे जाऊ नये. नाव सांगावे, परतीची वेळ सांगावी आणि परतल्यावर भेटून जावे. परतल्याची पोच देणे हेही बिल्टीइतकेच आवश्यक, अन्यथा सुखरूप घरी झोपलेल्या माणसासाठी गावकरी रात्रभर कडा धुंडाळतात.

परतीच्या वेळेविषयी जैन घराजवळ एक तयार माप आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात दिवस केव्हा संपतो हे मुलांना शिकवावे लागत नाही. डोंगरातही तोच नेम धरावा. सूर्यास्ताला पायथ्याशी असावयाचे, हे ठरवून तेथून मागे मोजत यावे, आणि परत फिरण्याची घटका निघेल त्या घटकेला, शिखर शंभर पावलांवर असले तरी, पाठ फिरवावी.

इतके करूनही वाट चुकली, पाय मुरगळला, धुके उतरले, तर? अशा वेळी पहिले काम म्हणजे थांबणे आणि बसणे. घाबरलेला मनुष्य वेगाने चालतो, आणि वेगाने चालणारा अधिक दूर भरकटतो. दहा मिनिटे स्वस्थ बसून नवकाराचा जप करणाऱ्याला त्यातून आधार तर मिळेलच; श्वासही थाऱ्यावर येईल. मग राल्स्टनप्रमाणे हिशेब मांडावा: पाणी किती, उजेड किती, फोनमध्ये शक्ती किती. शेवटची ओळखीची खूण नजरेत असेल तर तेथपर्यंत मागे जावे. नसेल तर जागा सोडू नये. ज्याची बिल्टी घरी आहे त्याला शोधायला माणसे निघणारच आहेत, आणि एका जागी असलेला मनुष्य लवकर सापडतो. फोन लागत असेल तर ११२ या क्रमांकावर ठिकाण सांगून तो बंद ठेवावा. शिट्टी जवळ असावी. एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट विराम, पुन्हा सहा, हा जगभरच्या गिर्यारोहकांचा संकटसंकेत आहे. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी येते. ओरडून घसा कोरडा पडतो, शिट्टी मात्र तासन्‌तास साथ देते.

एका समजुतीपासून विशेष सावध राहावे. ओढ्याच्या प्रवाहाबरोबर उतरले की गाव लागते, असे म्हटले जाते. १९७१ साली पेरू देशात विमान कोसळून ९२ जणांपैकी एकटीच वाचलेली १७ वर्षांची युलियाना कोएप्के याच ज्ञानावर, ओढ्यामागून ओढा धरत, अकराव्या दिवशी माणसांपर्यंत पोहोचली. तिचे वडील प्राणिशास्त्रज्ञ होते आणि ते अरण्य तिच्या परिचयाचे होते. परंतु ती सपाट भूमी होती. सह्याद्री हा थरांवर थर रचलेल्या काळ्या पाषाणाचा, पायऱ्यापायऱ्यांनी तुटणारा डोंगर आहे. येथील ओढा गावाकडे जातो हे खरे, पण वाटेत कड्यावरून उडी घेऊन जातो. ओढ्याने उतरणारा मनुष्य पुष्कळदा अशा टप्प्यावर येऊन थांबतो जेथून खाली जाता येत नाही आणि वर चढण्याचे बळ उरलेले नसते. पावसाळ्यात तर वर कोठेतरी पडलेल्या सरीने तोच ओढा काही मिनिटांत फुगतो. एका भूमीचे शहाणपण दुसऱ्या भूमीत जसेच्या तसे चालत नाही. जेथे जावयाचे तेथील माणसाला विचारणे हेच खरे.

पाण्याविषयीही थोडेसे. घरचे गाळलेले व उकळलेले पाणी घेऊन निघणाऱ्यांनी ते भरपूर घ्यावे. फेब्रुवारीनंतर गडावरील अनेक टाकी आटतात, आणि ज्यांना वाटेतील पाणी चालत नाही त्यांनी तर हा हिशेब दुप्पट काळजीने करावा. उपवासाच्या दिवशी कठीण चढाई ठेवू नये. तप आणि साहस दोन्ही आदरणीय आहेत. दोहोंची एकाच दिवशी सांगड घालणे मात्र विवेकाचे नाही.

घरच्यांच्या बाजूचा कागद

बिल्टीला दोन बाजू असतात, माल पाठवणारा आणि माल घेणारा. आजवरचे विवेचन जाणाऱ्यासाठी झाले. थोडे घरासाठीही आवश्यक आहे. पेढी सांभाळणाऱ्या घरांत मुलाने डोंगर चढावा, कन्येने एकटीने पदभ्रमणाला जावे, ही कल्पना वडीलधाऱ्यांना सहजी रुचत नाही. ‘दुकान कोण पाहील’ इथपासून ‘काही झाले म्हणजे’ इथपर्यंतचे प्रश्न निघतात, आणि त्यांमागे माया असते. परंतु भीतीपोटी दिलेला नकार मुलाला घरी थांबवतोच असे नाही. बहुधा तो जातो. केवळ सांगून जात नाही. बाबांना नाशिकला मालाच्या कामासाठी जातो असे सांगून निघालेला तरुण त्र्यंबकच्या डोंगरात अडकला, तर शोधणारे त्याला नाशिकच्या बाजारपेठेत शोधतील. नकाराने धोका टळला नाही, फक्त त्याचा पत्ता पुसला गेला.

म्हणून घरातील वडिलांनी मुलाला जाऊ द्यावे की नाही, हा प्रत्येक घराचा स्वतंत्र निर्णय असला, तरी त्याने खरे ठिकाण निःशंकपणे सांगावे इतके घर मोकळे असणे हा निर्णयाचा विषय नाही. ती जबाबदारी आहे. ‘कोठे चाललास’ या प्रश्नाच्या सुरात संशय असेल तर उत्तर खोटे येते. त्याच प्रश्नात मुनीमजींच्या चौकशीचा साधेपणा असेल, तर वाटेचे नाव, सोबत्यांची नावे आणि परतीची वेळ कागदावर उतरते. राल्स्टनची आई आपल्या मुलासाठी धावली, पण त्याचा कागद तिच्या हाती नव्हता. टॉमी यांच्यासाठी तीन देशांची विमाने व जहाजे धावली, कारण कागद त्यांच्या हाती होता.

येत्या पावसाळ्यात कितीतरी घरांतून तरुण मुले-मुली डोंगराकडे निघतील. निघताना आजीच्या पाया पडतील, आई डब्यात खाकरे आणि सुका मेवा भरून देईल. त्या वेळी टेबलावर चार ओळींचा एक कागद ठेवला जावा, आणि वडिलांनी तो न रागावता वाचून रोजमेळाच्या वहीत खोचून ठेवावा. सायंकाळी फोन यावा, “उतरलो, सगळे ठीक आहे.” पोच आली, की तो कागद फाडून टाकायला हरकत नाही.